वॉटचा बाजार आणि ओहमचे गणित

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात स्पीकर, रिसीव्हर आणि ओहम ह्यांच्यावर लेख आलेला पाहून काही वाचक पान उलटतील आणि एक-दोन प्राध्यापक भुवया उंचावतील. हा विषय आयटीआयच्या मुलांनी हाताळावा, आपण आपले केशवसुत आणि मर्ढेकर सांभाळावेत, असा एक समज आपल्याकडे आहे. मला तो पटत नाही. ज्याचा पैसा जातो आणि ज्याचा कान फसतो, तो माणूस कोणत्या शाखेचा आहे हे बाजार विचारीत नाही. किंबहुना विज्ञान आपल्याला कळत नाही अशी आपणच आपली समजूत करून घेतलेली असते, म्हणूनच दुकानदार सांगेल तो आकडा आपण मान डोलावून ऐकतो.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कापूस, मिरची किंवा पपई विकून हातात चार पैसे आले, अथवा घरातला एखादा मुलगा नोकरीला लागला, की पूर्वी घरात रेडिओ यायचा. पुढे टेपरेकॉर्डर आला, मग रंगीत टी.व्ही. आला, आता होम थिएटर येते. पहिला संच बहुधा पेटीबंद असतो. पाच लहान स्पीकर, जमिनीवर ठेवायचा एक वुफर आणि मध्ये दिवे लुकलुकणारा एक डबा. दोन-तीन वर्षे घर खूश असते. मग कोणाच्या तरी लग्नात, कोणाच्या तरी बंगल्यात मोठे स्पीकर ऐकण्यात येतात आणि आपला संच मिळमिळीत वाटू लागतो. संपूर्ण नवा संच घेण्याइतके पैसे नसतात. मग निम्मी सुधारणा होते. कोणी जुन्या डब्याला नवे मोठे स्पीकर जोडतो, कोणी नवा रिसीव्हर आणून त्याला जुने स्पीकर लावतो. लग्न जमवताना आपण छत्तीस गुण पाहतो, गोत्र पाहतो, मामाकडचे कूळ पाहतो. इथे मात्र वधूला वर न दाखवताच अक्षता पडतात. ह्या घाईच्या लग्नांविषयी मला लिहायचे आहे.

गेल्या तीन सुट्ट्या मी शहाद्याच्या एका दुरुस्तीच्या दुकानात वस्तादांच्या हाताखाली काढल्या आहेत. तिथे बसल्यावर एक गोष्ट फार लवकर ध्यानात येते. दुकानात आलेल्या संचांपैकी कित्येक संच मुळात चांगले असतात. अँप चांगला, स्पीकरही चांगला. बिघाड असतो तो दोघांच्या जोडीत. स्पीकरचे ट्विटर उडालेले, कॉइल जळून तिचा तो विशिष्ट करपट वास येणारा, किंवा अँपचे आउटपुट ट्रान्झिस्टर फुटलेले. गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालते, दुकानदाराला शिव्या घालते. वस्ताद शांतपणे विचारतात, "दादा, कशाला काय जोडलं होतं?" नव्वद टक्के उत्तर त्या एका प्रश्नात असते, असे वस्तादांचे मत. आकडा त्यांचा आहे, मी मोजलेला नाही.

प्रथम वॉटविषयी बोलू, कारण सगळी फसवणूक तिथून सुरू होते. स्वस्त संचाच्या खोक्यावर दहा हजार, वीस हजार असे वॉट छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यापुढे पी.एम.पी.ओ. अशी चार अक्षरे असतात. आता घरातल्या भिंतीवरचा लहान सॉकेट घ्या. त्याला आपण अजून पाच अँपिअरचा म्हणतो, हल्ली त्यावर ६ लिहिलेले असते. २३० व्होल्ट गुणिले ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट. त्या सॉकेटमधून ह्यापेक्षा अधिक वीज घ्यायची सोयच नाही, आणि संचाच्या पाठीमागच्या पट्टीवर पाहिले तर वीज लागते ४० नाही तर ५० वॉट. मग वीस हजार वॉट कोठून आले? तर ते आले छापखान्यातून. क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात सर्व स्पीकर मिळून कल्पनेत जो कमाल झटका बसू शकेल, त्याचा तो आकडा. त्याला कोणतेही सर्वमान्य माप नाही. खरा उपयोगी आकडा म्हणजे अँप सतत, न थकता, एका चॅनेलला किती वॉट देतो. बाजारात त्याला आर.एम.एस. म्हणतात.

ही लबाडी आपल्याकडेच आहे असे मानून खजील होण्याचे कारण नाही. अमेरिकेतही वॉटच्या जाहिराती इतक्या माजल्या होत्या की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला. घरगुती अँपची शक्ती सांगायची असेल तर ती सतत मिळणारी शक्ती असावी. ती किती ओहमवर, कोणत्या स्वरपट्ट्यात आणि किती विकृतीसह मोजली, तेही सांगावे. चांगल्या नावाचे रिसीव्हरही आजसुद्धा ह्या बाबतीत पूर्ण सोवळे नाहीत. मोठ्या अक्षरात "प्रत्येक चॅनेलला १५० वॉट" असे असते आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेले असते की हे माप ६ ओहमवर, एकाच १ किलोहर्ट्झच्या स्वराला, १० टक्के विकृतीने आणि एक किंवा दोनच चॅनेल चालू असताना घेतले. पाचही चॅनेल एकदम राबू लागले की आतला ट्रान्सफॉर्मर एकच असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला बरेच कमी येते. ते मुंगीचे अक्षर वाचणारा ग्राहक मला हवा आहे, आणि वाचनाच्या बाबतीत कला शाखेने तरी कमी पडू नये.

आता ओहम. स्पीकरच्या पाठीवर ४, ६ किंवा ८ असा आकडा आणि घोड्याच्या नालासारखी एक ग्रीक खूण असते. स्पीकर अँपला किती अडवतो, ह्याचे ते माप. ८ ओहमचा स्पीकर अधिक अडवतो, म्हणून अँपमधून वीजप्रवाह बेताने जातो. ४ ओहमचा कमी अडवतो, तेव्हा तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट प्रवाह ओढला जातो. पुष्कळ रिसीव्हर कमीत कमी ६ ओहमसाठी बनवलेले असतात. पेटीबंद संचातले स्पीकर मात्र अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, कारण ते त्यांच्याच डब्यासाठी घडवलेले असतात. ते उचलून नव्या रिसीव्हरला जोडले की सुरुवातीला आवाज झकास येतो. गिऱ्हाईक मिशीवर ताव देते. तासाभराने रिसीव्हर तापतो, आपोआप बंद पडतो. पुन्हा चालू करतात, पुन्हा बंद पडतो. हा त्याचा शहाणपणा असतो. तो स्वतःचा जीव वाचवत असतो. आपल्याकडचे उत्साही लोक त्यावर टेबलफॅन लावतात.

आणखी एक प्रकार. एकाच चॅनेलला दोन-दोन स्पीकर जोडायचे, "आवाज घरभर जावा" म्हणून. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अँपला ४ ओहम दिसतात; चार जोडले की २. अँपच्या दृष्टीने ही जवळजवळ तारेला तार लावण्याचीच तयारी. चारच लावायचे असतील तर दोन-दोन एकापाठोपाठ जोडून मग त्या दोन जोड्या समांतर जोडल्या, म्हणजे पुन्हा ८ ओहमच होतात. वस्तादांनी हे मला खडूने फरशीवर काढून दाखवले आणि दहावीच्या पुस्तकातला रोधांचा पाठ प्रथमच माझ्या उपयोगी पडला. एक व्यावहारिक सूचना इथेच देतो: मल्टीमीटर लावला तर ८ ओहमचा स्पीकर साधारण सहाच्या आसपास आकडा दाखवतो. त्यात बिघाड काही नाही. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो आणि पाठीवरचा आकडा गाणे चालू असतानाच्या अडवणुकीचा असतो.

तिसरी गोष्ट कोणी विचारीतच नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. एक वॉट दिला असता एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो? ह्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. चांगल्या स्पीकरच्या कागदावर हा आकडा असतो: ८५, ८८, ९१. फरक किरकोळ दिसतो. पण डेसिबलचे गणित चक्रवाढ व्याजासारखे आहे. तीन डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात. दहा डेसिबलला दहापट आणि वीस डेसिबलला शंभरपट. म्हणजे ८८ चा स्पीकर ५० वॉटवर जे काम करतो, तेच काम ८५ च्या स्पीकरला १०० वॉटवर जमते. दुकानदाराने ५० ऐवजी १०० वॉटचा अँप गळ्यात मारला, तर कानाला मिळणारा फरक तेवढाच, तीन डेसिबलचा. ऐकणाऱ्याला "थोडा वाढला बरं का" इतकेच जाणवेल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

ह्यावरून आपल्या गावातल्या कर्ण्याचे कोडे सुटते. देवळावर, लग्नमंडपावर, प्रचाराच्या जीपवर बांधलेला तो भोंगा तीस वॉटच्या अँपवर अख्ख्या गावाला ऐकू जातो. आणि आपण शंभर वॉटचा म्हणून आणलेला स्पीकर ओसरीपलीकडे जात नाही. लोक म्हणतात, जुन्या मशिनीत दम होता. दम मशिनीत नव्हता, कर्ण्यात होता. कर्णा एका वॉटला १०५ डेसिबलच्या वर सहज जातो. घरातली लहान पेटी ८५ च्या आसपास. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभर पटींचा. कर्ण्याचे अरुंद तोंड हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे आतल्या पडद्याची हालचाल बाहेरच्या हवेला नीट हाती लागते. आपल्या सातपुड्यातल्या पावरीच्या टोकाला शिंग असते, त्यामागचे तत्त्व हेच. जोड जमवणे ही कल्पना काही जपान्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. अर्थात कर्ण्याला खर्ज नसतो. तो शब्द फेकतो, ढोल फेकू शकत नाही. म्हणून घरात तो चालत नाही, आणि घरातल्या पेटीकडून कर्ण्याची अपेक्षा करणेही चूक.

मग घरात लागतात तरी किती वॉट? आपल्या बैठकीच्या खोल्या दहा बाय बारा, फार तर बारा बाय पंधरा फुटांच्या. ऐकणारा स्पीकरपासून तीन मीटरवर बसतो. ८८ डेसिबलचे दोन स्पीकर, प्रत्येकाला फक्त एक वॉट दिला, तरी त्याच्या कानापाशी ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. म्हणजे सिनेमाचा बराचसा भाग आपण एका वॉटच्या आतच ऐकतो! उरलेले वॉट लागतात ते क्षणभराच्या झटक्यांना: दार आपटले, नगारा वाजला, बंदूक उडाली. तेव्हा वीस डेसिबलची उडी, म्हणजे शंभरपट शक्ती, क्षणभर लागते. मी हिशेब करून सांगतो की मध्यम खोलीला प्रामाणिक ५० ते ८० वॉट पुरे आहेत. खोक्यावरच्या वीस हजारांनी कोणाला भुलायचे असेल तर त्याने भुलावे.

हा झटका अँपला पेलला नाही तर काय होते, हे मात्र समजून घ्यायला हवे. कारण लहान अँपला मोठे स्पीकर जोडले तर निदान स्पीकर तरी सुरक्षित राहतील, असा भ्रम फार पसरलेला आहे. अँपजवळ जेवढे व्होल्टेज आहे तेवढ्यापर्यंतच लाट उंच जाते; पुढे तिचा माथा कापला जातो, आपल्या धाब्याच्या घरासारखा सपाट होतो. ह्यालाच आपण "आवाज फाटला" म्हणतो. फाटलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले तीव्र स्वर शिरतात आणि सरासरी शक्तीही वाढते. हे जास्तीचे तीव्र स्वर जातात ट्विटरकडे. त्याची तार केसासारखी बारीक, काही वॉटच सोसणारी. मोठा वुफर तसाच शाबूत राहतो आणि ट्विटर मरतो. तेव्हा शंभर वॉटच्या स्पीकरला ऐंशी-शंभर वॉटचा प्रामाणिक अँप आणि आवाजाच्या बटणावर शहाणा हात ही जोडी, त्याच स्पीकरला पंधरा वॉटचा अँप आणि पूर्ण पिरगाळलेले बटण ह्या जोडीपेक्षा कितीतरी सुरक्षित.

आमच्याकडे ह्यात आणखी एक भर पडते, ती शहरातल्या माहितीपत्रकांत कोणी लिहीत नाही. दुर्गम पाड्यांवर संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. समजा २३० च्या जागी १८० व्होल्ट आले. जुन्या पद्धतीच्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या अँपची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे शंभर वॉटचे एकसष्ट उरतात. ही घट फक्त दोन डेसिबलची असल्याने कानाला फारशी कळत नाही. पण अँप लवकर फाटू लागतो, आणि आवाज थोडा पडला म्हणून घरधनी बटण आणखी वर नेतो. ट्विटर बहुधा अशाच एखाद्या संध्याकाळी जातो. हल्लीचे काही अँप स्विचिंग पद्धतीच्या पुरवठ्यावर चालतात. ते कमी दाबातही बऱ्यापैकी टिकून राहतात. मोलगी किंवा धडगाव भागात राहणाऱ्या माझ्या मित्राने रिसीव्हर घेताना वॉटच्या आधी हे विचारावे.

आता खरा वादाचा मुद्दा. पैसे थोडे असतील तर आधी काय बदलावे, रिसीव्हर की स्पीकर? आमच्या वसतिगृहातला एक पक्ष म्हणतो, आधी रिसीव्हर. कारण त्यात नवनव्या सोयी येतात. माझे मत ठाम उलट आहे. स्पीकर म्हणजे कॉइल, चुंबक, कागदाचा शंकू. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्यांनी १९२५ साली अमेरिकेत ही रचना मांडली, ती मूळ स्वरूपात आजही चालू आहे. मागे तांबडी आणि काळी अशी दोन टोके. त्यांत बदल नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा कोलकात्याच्या सोनोडाइनचा चांगला स्पीकर कोणाच्या माळ्यावर असेल, त्याचा शंकू आणि कडेची घडी शाबूत असेल, तर तो आजच्या रिसीव्हरला जोडता येतो. रिसीव्हरचे तसे नाही. सिनेमाच्या ध्वनीची सहा वाटांची डॉल्बी डिजिटल पद्धत १९९२ साली चित्रपटगृहात आली, पुढे ती घरात आली. डोक्यावरून आवाज आणणारी अ‍ॅटमॉस पद्धत २०१२ साली चित्रपटगृहात आणि २०१४ पासून घरात आली. दर खेपेला जुने रिसीव्हर मागे पडले. विसेक वर्षांपूर्वीच्या कित्येक रिसीव्हरना आजच्या टी.व्ही.ची एच.डी.एम.आय. वायर लावायला भोकसुद्धा नाही. जी वस्तू टिकते तिच्यात आधी पैसे घालावेत, आणि जी जुनी होणार आहे ती शक्य तितकी उशिरा घ्यावी.

तेही पाचही स्पीकर एकदम घेण्याची गरज नाही. पुढचे दोन आणि मधला एक असे तीन घ्यावेत. हे तिन्ही मात्र एकाच घराण्याचे हवेत. मधल्या स्पीकरला लोक दुय्यम समजतात, तो टी.व्ही.च्या मागे कोंबतात किंवा दुसऱ्याच कंपनीचा स्वस्तातला लावतात. वास्तविक पाच वाटांच्या सिनेमात बहुतेक संवाद त्या एकट्याकडूनच येतात. पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेले आणि मध्ये त्याचा गळा बसल्यासारखा झाला, तर समजावे की घराणी जुळलेली नाहीत. मागचे दोन स्पीकर जुने राहिले तरी चालतात. त्यांना पाऊस, गर्दी, पाखरे एवढेच काम. ज्यांची खोली अगदी लहान आहे आणि ज्यांना वायरींचा कंटाळा आहे त्यांनी साउंडबार घेऊन मोकळे व्हावे, असे एक मत आहे. ते मला कलेच्या दृष्टीने आवडत नाही, पण त्यात तथ्य आहे हे नाकारता येत नाही.

खोलीविषयी दोन शब्द. धाब्याच्या घरात मातीच्या भिंती, वर मातीचे छप्पर, कोपऱ्यात धान्याची पोती, खुंटीवर गोधड्या. आवाज तिथे मुकाट बसतो. स्लॅबच्या नव्या घरात चकचकीत फरशी, रंगवलेल्या उघड्या भिंती, काचेचे कपाट. तिथे टाळी वाजवली तर ती झणझणत राहते. अशा खोलीत लाखाचा रिसीव्हर आणला तरी संवाद कळणार नाहीत, आणि संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवला की झणझण आणखी वाढते. आजीची एक जाड वाकळ समोरच्या भिंतीवर टांगून पाहा. ह्या खटपटीतली सर्वांत स्वस्त सुधारणा तीच आहे, आणि तिला ओहम नाहीत.

वुफरबद्दल मला जरा रागानेच लिहावेसे वाटते. ज्या जिल्ह्यात काठीची होळी होते, जिथे रात्रभर ढोल छातीवर वाजतो, तिथल्या माणसाला खर्ज म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. ढोलावर टिपरी पडते, थाप उठते आणि ती थांबते. हे थांबणे महत्त्वाचे. आपल्या घरातले वुफर थांबतच नाहीत. एकाच सुरात घुमत राहतात, जणू पिपात कोणी कण्हते आहे. रिसीव्हरमध्ये कोणत्या स्वराखालचे काम वुफरकडे द्यायचे ते ठरवता येते. साधारण ८० हर्ट्झ हा प्रचलित आकडा आहे. त्याच्या वरचे काम त्याला देऊ नये आणि त्याचा आवाज वेगळा ओळखू येईल इतका ठेवू नये. शेजाऱ्याच्या भिंतीतून नेमका हाच आवाज आरपार जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत मर्यादा कोणाला हवी असते हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

हे सारे घरापुरते लिहिले. परंतु मुळात हा विषय डोक्यात आला तो आपल्या सभागृहामुळे. स्नेहसंमेलनासाठी नवे मोठे स्पीकर घ्यावेत आणि जुना अँपच वापरावा, असे घाटत आहे. अर्धी सुधारणा ती हीच. आपला जुना अँप कर्ण्यांच्या काळातला आहे. त्याच्या पाठीमागे ४, ८, १६ ओहम आणि त्यांच्या शेजारी १०० व्होल्ट अशी निरनिराळी टोके आहेत. सभागृहातले भिंतीवरचे स्तंभ-स्पीकर ह्या १०० व्होल्टच्या वाटेवर आहेत. प्रत्येकाच्या पोटात एक लहान ट्रान्सफॉर्मर आहे. गावोगाव वीज नेताना तारांत दाब वाढवतात आणि प्रवाह कमी ठेवतात, म्हणजे वाटेत नुकसान कमी होते. तीच युक्ती इथे आहे. त्या टोकाला कोणी बाजारातला ८ ओहमचा स्पीकर सरळ जोडला तर उद्घाटनाच्या भाषणातच धूर निघेल. आणि ८ ओहमच्या टोकाला जोडून वायर मागच्या भिंतीपर्यंत नेली, तर तीस मीटरला जाण्यायेण्याची साठ मीटर तांब्याची तार होते. एक चौरस मिलिमीटरची घेतली तरी तिचाच रोध एक ओहम. चार ओहमच्या स्पीकरच्या दाबापैकी पाचवा भाग वाटेतच गेला. दुकानात मिळणारी बारीक २३/७६ ची वायर घेतली तर ह्याहून अधिक.

माझी खरेदी समितीला विनंती आहे की आधी आपल्या सभागृहाला गाणे हवे की भाषण हवे, हे ठरवावे. वर्षाचे दोन-तीन दिवस तिथे नाच आणि ऑर्केस्ट्रा असतो. त्यासाठी स्पीकर भाड्याने मिळतात आणि लावणारे कारागीरही सोबत येतात. उरलेले सारे वर्ष तिथे व्याख्याने, वादविवाद, युवारंगच्या तालमी आणि परीक्षेच्या सूचना चालतात. त्यासाठी खर्ज नको, शब्द हवा. जुना अँप ठेवायचा असेल तर त्याला १०० व्होल्टचेच चांगले स्तंभ-स्पीकर घ्यावेत आणि त्या सर्वांच्या वॉटची बेरीज अँपच्या वॉटपेक्षा थोडी कमीच ठेवावी. मोठे स्पीकर हवेच असतील तर त्यांच्यासोबत त्यांना शोभणाऱ्या अँपचे पैसे मंजूर करावेत, नाहीतर दोन्ही पुढच्या वर्षावर ढकलावीत.

आणि पैसे देण्यापूर्वी नमुना सभागृहात आणून वाजवून पाहावा. त्या वेळी गाणे लावू नये. गाण्यावर कोणताही स्पीकर खपतो. कोणीतरी माइकवर परीक्षेचे वेळापत्रक वाचावे, सगळे पंखे चालू ठेवावेत, आणि समितीने अगदी शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसावे. तिथे धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली पहिल्या वर्षाची मुले बसतात. त्यांतल्या कित्येकांची घरची भाषा पावरी, भिली किंवा मावची आहे. पुसट मराठी शब्द अंदाजाने भरून काढणे त्यांना आपल्याइतके सोपे जात नाही. फी भरायची मुदत "सात" तारीख आहे की दंड "साठ" रुपये आहे, हे त्या खिडकीपाशी वेगळे ऐकू येते का, तेवढे पाहावे. मल्टीमीटर आणि मोजपट्टी घेऊन मी यायला तयार आहे. वस्तादही येतो म्हणाले आहेत, फक्त सोमवार सोडून, त्या दिवशी दुकानात गर्दी असते.